एळापूरची लेणी : पाहावी कशी, नमावी कोठे

वेरूळची लेणी पाहावयास परमार्गीयाने जावे की न जावे, ही शंका अलीकडे उपदेशी व वासनिक मंडळींकडून वरचेवर विचारली जाते. पूर्वी असा प्रवास विरळा घडे. आता गावोगावच्या सहली निघतात, शाळेत जाणारी मुले हट्ट धरतात, सोयरे-धायरे आग्रह करतात आणि घरातील अनुसरलेल्या माणसापुढे पेच उभा राहतो. या शंकेची दोन उत्तरे आमच्या कानी येतात. एक असे की, तो सर्व देवतांचा विस्तार आहे, तेव्हा त्या उंबऱ्यात पाऊलच घालू नये. दुसरे असे की, ती केवळ शिल्पकला आहे, तिचा धर्माशी संबंध नाही, तेव्हा खुशाल पाहून यावे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि ज्याअर्थी ती इतकी सोपी आहेत त्याअर्थी ती पुन्हा तपासून घेणे इष्ट होय.

प्रथम निषेधपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनन्यता हा आपल्या मार्गाचा प्राण आहे. डोळा जे पाहतो त्याचा संस्कार चित्तावर उमटतो, आणि संस्कार उमटण्यासाठी हात जोडावेच लागतात असे नाही. विशाल वस्तूपुढे मनुष्य आपोआप लहान होतो. त्या लहानपणात विस्मय असतो, विस्मयातून भय उपजते, भयातून शरण जाण्याची इच्छा होते. मंदिरे बांधणाऱ्या राजांना हे पुरते ठाऊक होते. दहा-बारा हात उंचीच्या मूर्तीपुढे अंधूक उजेडात उभे राहिलेल्या साध्या माणसाला आपण तिच्याकडे कला म्हणून पाहात आहोत की देव म्हणून, हे कोणी सांगावे? म्हणून, असे हा पक्ष म्हणतो, जेथे घसरण्याचे भय आहे तेथे न जाणे हेच शहाणपण.

दुसऱ्या पक्षाला मात्र आम्ही इतके बळ देऊ शकत नाही. ज्या कारागिरांनी हे डोंगर कोरले त्यांनी ते कला म्हणून कोरले नाहीत. त्यांनी कथा सांगितल्या, आणि त्या कथांतून जगाविषयी, कर्माविषयी, फळाविषयी काही ठाम विधाने केली. ती विधाने ऐकूनच घ्यावयाची नाहीत आणि केवळ घडणीचे कौतुक करून परत फिरावयाचे, हा त्या कारागिरांचाही अनादर आहे.

आता निषेधपक्षाकडे वळू. लीळाचरित्र उघडून पाहिले असता काय दिसते? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची अवस्थाने मठांत आहेत, वृक्षातळी आहेत, आणि देवळांतही आहेत. प्रतिष्ठानी भोगनारायणाच्या देवळातील अवस्थान प्रसिद्धच आहे. श्रीप्रभूंच्या ऋद्धिपूर येथील लीळांत तर ते देवळोदेवळी जातात, मूर्तींना हात लावतात, त्यांच्याशी बोलतात, हसतात, खेळतात. आणि प्रस्तुत विषयास जे अगदी लागू आहे ते हे की, एकांकात स्वामींचे येळापूरचे अवस्थान नोंदलेले आहे. येळापूर, म्हणजेच राष्ट्रकूटांच्या ताम्रपटातील एळापूर, म्हणजेच आजचे वेरूळ. ज्या डोंगरात आपले सोयरे सहलीला बोलावतात त्याच डोंगरात आपल्या स्वामींनी वास केला आहे.

येथे कोणी म्हणेल की परमेश्वर निर्लेप आहे, जीव निर्लेप नाही. स्वामींनी जे सांगितले ते करावे, स्वामींनी जे केले त्याचे अनुकरण करू नये. हे म्हणणे शास्त्रसंमत आहे आणि आम्हांस मान्य आहे. अग्नीने काष्ठ जाळले म्हणून लाखेने अग्नीत शिरू नये. परंतु गोष्ट येथे संपत नाही. स्वामी जेथे राहिले ती भूमी स्थान झाली. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही आपल्याला त्यांच्या मागे उरलेली चार आधारद्रव्ये. स्थानवंदन हा तर आपला विधी, आणि मुनिव्यासांनी चौदाव्या शतकात पायी हिंडून स्थानपोथी सिद्ध केली ती याच विधीसाठी. त्या पोथीत देवळाचे तोंड कोणत्या दिशेस, स्थान त्याच्या कोणत्या अंगास, हे इतक्या काटेकोरपणे सांगितले आहे की देवळाला वळसा घालून जाणाऱ्यास ती पोथी कळणारच नाही. म्हणजे साधकाला देवतेच्या दारापर्यंत आणून सोडणारा आपला मार्गच आहे. जावे की न जावे हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी निकालात निघाला. उरतो तो प्रश्न पाहण्याच्या रीतीचा.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या या डोंगराच्या कुशीत चौतीस लेणी क्रमांक देऊन मोजली आहेत. पहिली बारा बौद्धांची, तेरा ते एकोणतीस वैदिक देवतांची, तीस ते चौतीस जैनांची. १९८३ साली युनेस्कोने त्यांस जागतिक वारशाच्या यादीत घेतले. लोकांनी लेण्यांस दिलेली नावे मात्र पाहणाऱ्यांच्या कल्पनेची आहेत. चौदाव्याचे नाव रावण की खाई, एकोणतिसाव्याला सीतेची न्हाणी म्हणतात, आणि दहाव्या लेण्यातील बुद्धाला सुतार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या विश्वकर्मा समजून भजत आली, म्हणून ती सुताराची झोपडी. मूर्ती मुकी असते. तिला जो तो आपली कथा देतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

सोळावे लेणे कैलास. राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचे मुख्य काम झाले असे मानतात. डोंगर माथ्यावरून खाली उतरत कोरला आहे. पाया आधी व कळस मागून हा बांधकामाचा क्रम येथे उलटला. अंगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद, मागचा कडा शंभर फुटांहून उंच. एके काळी सर्व देवळाला पांढरा गिलावा व रंग होता, म्हणून जुने लोक त्यास रंगमहाल म्हणत. बडोद्यास सापडलेल्या शके ७३४ च्या कर्क सुवर्णवर्षाच्या ताम्रपटात या देवळाचे वर्णन आले आहे. विमानांतून जाणाऱ्या देवांना ते मनुष्याने केलेले वाटेना, आणि ज्या शिल्प्याने ते घडविले तोही, हे मी कसे केले, असे म्हणून थक्क झाला, असा त्याचा आशय. राजाची स्तुती करणाऱ्या लेखात शिल्प्याच्या मनातील हे आश्चर्य यावे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. त्या शिल्प्याचे नाव लेखात नाही, राजाचे आहे.

कैलासाविषयी व्याख्याने देणारे काही सज्जन एक दृष्टांत हमखास सांगतात. शिल्प्याने दगडात देऊळ आणून बसविले नाही, अधिक होता तो दगड काढून टाकला आणि देऊळ प्रकट झाले. तसेच अविद्या काढून टाकली की जीवाच्या ठायी असलेला देव प्रकट होतो. दृष्टांत गोड आहे, परंतु तो आपला नव्हे. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीवाची अविद्या फिटली तरी जीव जीवच राहतो. तो परमेश्वर होत नाही, परमेश्वराचा आनंद भोगतो. दगड दूर करून देऊळ निघेल, जीव कितीही तासला तरी त्यातून परमेश्वर निघणार नाही. तो बाहेरून, कृपेने, भेटावा लागतो. आमच्यातील तरुण प्रवचनकारांनी हा दृष्टांत उचलण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले, कारण कथेचा उपयोग कसा करावा याची शिस्त आपल्याच ग्रंथांनी आपल्याला दिली आहे. केशोबासांच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत, आणि त्यांची मांडणी त्रिविध आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्राने सिद्धांत सांगावा, दृष्टांताने तो डोळ्यांपुढे उभा करावा, दार्ष्टांतिकाने दृष्टांतातील कोणती गोष्ट सिद्धांताच्या कोणत्या अंगाला लागते ते बांधून द्यावे. दार्ष्टांतिकावाचून दृष्टांत म्हणजे दावे सुटलेली गाय. ती कोणाच्याही शेतात शिरते.

लेण्यांच्या भिंतींवर जे आहे ते, आमच्या मते, दार्ष्टांतिक नसलेल्या दृष्टांतांचे भांडार होय. कथा आहे, तीही विलक्षण सामर्थ्याने सांगितलेली. तिने काय समजावे हे सांगणारा तेथे कोणी नाही. वाटाड्या सनावळ्या सांगतो. म्हणून प्रत्येक पाहणारा कथेचा जो भाग हाती लागेल तो धरून बसतो. त्याच दृष्टांतपाठातील जात्यंधांनी हत्ती चाचपला तसा हा प्रकार आहे. कैलासाच्या अंगणात दोन मोठे दगडी हत्ती उभे आहेत व देवळाचा अवघा भार पेलणारी हत्तींची रांग जोत्यात कोरली आहे, हा योगायोग तेथे गेल्यावर आठवल्यावाचून राहात नाही.

आता कथाच पाहू. कैलासाच्या दक्षिण अंगास रावणाने पर्वत हलविल्याचे शिल्प आहे. खाली पोकळीत अनेक बाहूंचा रावण, अंगातील सर्व बळ खांद्यांशी एकवटलेले. वर शंकर स्वस्थ बसलेला. पार्वती घाबरून त्याच्याकडे कललेली, आणि एक दासी पाठ फिरवून पळत सुटलेली. वर सर्व हालचाल आहे ती भयाची, खाली आहे ती गर्वाची, आणि मध्ये एक पाऊल आहे ज्याला हालण्याची गरज नाही. उत्तरकांडातील कथेप्रमाणे शंकराने अंगठ्याने पर्वत दाबला, रावण त्याखाली चेंगरला, दीर्घकाळ आक्रोश व स्तुती करीत राहिला, तेव्हा प्रसन्न होऊन शंकराने त्यास सोडले, रावण हे नाव दिले आणि चंद्रहास खड्ग दिले.

शिल्पकार पर्वत दाबल्याच्या क्षणाशी थांबला आहे. आपण मात्र कथा शेवटपर्यंत नेली पाहिजे. रावणाला काय मिळाले? नाव आणि शस्त्र. काय गेले? गर्वाचा एक कणही गेला नाही. पर्वताखाली चेंगरलेल्या प्राण्याच्या हाती सुटल्याबरोबर तलवार आली, आणि तिचा पुढे त्याला काय उपयोग झाला हे जाणण्यासाठी याच देवळाच्या जिन्यालगतची रामायणाची भिंत पाहावी. देवताभक्तीचे फळ असत्य नाही, असे आपले शास्त्र सांगते. देवता आपल्या सामर्थ्याप्रमाणे फळ देते. परंतु ते फळ मोजलेले असते आणि भोगून सरते. रावणाचे हे शिल्प याचा इतका स्पष्ट दृष्टांत आहे की स्वामींच्या सूत्रांचा अभ्यास केलेल्या मनुष्यास त्याचे दार्ष्टांतिक शोधावे लागत नाही. तसेच पंधराव्या लेण्यातील मार्कंडेयाचे. शंकर लिंगातून बाहेर येऊन यमाला लाथेने सारतो आणि बालक वाचते. आयुष्य वाढले, जन्म-मरणाचा फेरा तसाच राहिला.

रामेश्वर नावाच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वतीच्या द्यूताचे शिल्प आहे. चौदाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांतही तोच प्रसंग आहे. कारागिरांना तो आवडत असावा. पट मांडला आहे, शंकराचा हात आणखी एक डाव मागणाऱ्याचा वाटतो, आणि खाली गण नंदीची खोडी काढीत आहेत. काही वर्षांपूर्वी वासनिकांच्या एका मेळ्याबरोबर आम्ही येथे होतो. एक वृद्ध बाई बराच वेळ पाहात उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “बाबा, यात जिंकलं कोण?”

आम्ही सांगितले, “आई, पार्वती जिंकली. पुराणात महादेव सगळे हरतो. चंद्रकोर गेली, कुंडले गेली, शेवटी नेसूचे कौपीनही गेले.”

“आणि मग?”

“मग रागावून रानात निघून गेला.”

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजी तिथंबी सुटका न्हाईच की.”

आम्ही देवताप्रकरणावर कित्येक चातुर्मास निरूपण केले असेल. ते सर्व या बाईच्या एका वाक्यात आले. आपल्या शास्त्रात देवतांचे नऊ थोवे सांगितले आहेत. कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यमायेपर्यंत ही उतरंड आहे. सत्य, कैलास व वैकुंठ यांचा एक थोवा. क्षीराब्धी त्याच्याही वर. आणि तेथेही उतरंड संपत नाही. म्हणजे ज्या कैलासाची प्रतिकृती करण्यासाठी एक डोंगर खर्ची पडला तो कैलास सबंध विस्तारात मधल्या पायरीवर आहे. ही झाली मांडणी. त्याहून महत्त्वाचा सिद्धांत असा की देवता नित्यबद्ध आहेत, परमेश्वर नित्यमुक्त आहे आणि जीव बद्धमुक्त आहे. आज बद्ध आहे, पण मुक्त होऊ शकतो. देवतेला ही योग्यता नाही. तिला सामर्थ्य आहे, ऐश्वर्य आहे, दीर्घ सत्ता आहे, सुटका नाही. भिंतीवरचा खेळाडू कल्पान्तापर्यंत आणखी एक डाव मागत राहील. भिंतीखाली काठी टेकून उभी असलेली ती बाई या जन्मी ज्ञान पावली, आचरली, तर सुटेल.

निषेधपक्षाने जे भय दाखविले होते त्यावर आमच्या मते हाच उतारा आहे. विशाल मूर्तीपुढे मनुष्य लहान होतो, हे खरे. पण ज्याला चार पदार्थांचे ज्ञान आहे तो शरीराने लहान होईल, योग्यतेने लहान होणार नाही. ज्याला ते ज्ञान नाही त्याने जाऊ नये, असे मात्र आम्ही खुशाल म्हणू. आधी शास्त्र ऐकावे, मग लेणी पाहावी. उलट क्रमाने गेलेल्यांची चित्ते डगमगलेली आम्ही पाहिली आहेत.

येथवर वाट सरळ होती. खरी अडचण पंधराव्या लेण्यात येते. त्याला दशावतार म्हणतात. दहाही अवतार तेथे नाहीत, तो भाग निराळा. अंगणातील मंडपावर दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर दक्षिणेकडील भिंतीत विष्णूच्या कथा ओळीने आहेत : वराह, त्रिविक्रम, हिरण्यकशिपूला धरलेला नरसिंह, शेषशायी. आणि त्याच ओळीत गोवर्धन उचललेला श्रीकृष्ण.

शेषशायी म्हणजे क्षीराब्धीची देवता. श्रीकृष्ण म्हणजे द्वापरीचा साक्षात परमेश्वरावतार, आपल्या पंचकृष्णांतील पहिला. कारागिराने दोघांना एका भिंतीवर शेजारी बसविले, कारण त्याच्या मते दोघे एकच. आपल्या मते त्यांतील अंतर मोजताच येणार नाही. रावणाच्या शिल्पापुढे आपण तटस्थ राहू शकतो. या शिल्पापुढे तटस्थ कसे राहावे? लीळा आपल्या स्वामीची आहे. ओळ दुसऱ्याची आहे. कैलासाच्या उत्तर भिंतीवर महाभारताखालच्या पट्ट्यांत श्रीकृष्णाच्या बाललीळा कोरल्या आहेत, तेथेही हीच अवस्था होते. डोळ्यांत पाणी येते आणि हात उचलावेत की नाही हे कळत नाही.

या बाबतीत आमच्या परंपरेतील वडील मंडळींत दोन मते आम्ही ऐकली आहेत. काहींचे म्हणणे असे की नमस्कार करावा. लीळेला नमस्कार केला, दगडाला नाही. काहींचे म्हणणे असे की मुळीच करू नये; तो विष्णूचा अवतार म्हणून घडविलेला आहे, तेव्हा नमस्कार विष्णूला पोचेल. आम्हांला दोन्ही मतांत थोडी गफलत वाटते, आणि तिचे मूळ एकच आहे. आपल्या मार्गात नमस्काराचा आधार सादृश्य नाही, संबंध आहे. आपल्या देवपूजेत जे विशेष असतात त्यांना नाक-डोळे नसतात. ते साधे पाषाण आहेत. पण ते स्थानाचे आहेत, त्यांना परमेश्वराचा स्पर्श पोचला आहे. रूप नसून संबंध आहे म्हणून ते वंद्य. गोवर्धनधाऱ्याचे शिल्प याच्या अगदी उलट आहे. रूप आहे, संबंध नाही. आठव्या शतकातील एका कुशल मनुष्याने ऐकलेल्या कथेवरून ते कल्पिले. म्हणून नमस्काराचा प्रश्न येथे उद्भवत नाही, आणि नमस्कार विष्णूला पोचेल हे भयही उद्भवत नाही.

मग डोळ्यांतील पाण्याचे काय? ते स्मरणाचे आहे, आणि स्मरणाला कोणतेही निमित्त चालते. मोरपीस पाहून श्रीकृष्ण आठवला तर आपण मोराची पूजा करीत नाही, आणि आठवण दडपूनही टाकीत नाही. शिल्पाने लीळा आठवली तर तेथे उभे राहून लीळा आठवावी, नाम घ्यावे, मनातल्या मनात गोकुळात जाऊन यावे. दगड दाराजवळ थांबतो. हा आमचा निर्णय आहे; ज्या महंतांचे मत निराळे असेल त्यांनी या पृष्ठांतून ते अवश्य मांडावे. आम्हांस एवढेच दिसते की संबंधाचे तत्त्व सोडून दिले तर उद्या छापील चित्रापुढे आणि रंगीत पुतळ्यापुढे आपण काय करावे याला काही धरबंध उरणार नाही.

आणि संबंधाचे तत्त्व धरले तर वेरूळास एक विलक्षण उलटापालट होते. पाहणारे सर्व भिंतीकडे मान वर करून चालतात. परमार्गीयाचे वंदनीय जे आहे ते त्यांच्या पायांखाली आहे. ज्या भूमीवर सर्वज्ञ बसले, निजले, चालले, ती भूमी. तिच्यावर कोणी काही कोरले नाही, तिचे चित्र कोणी विकत घेत नाही. म्हणून आम्ही बरोबरच्या मंडळींना पायथ्याशी पोचताच प्रथम दंडवत घालावयास सांगतो. मग मान वर करावी.

एक प्रसंग नाइलाजाने सांगावा लागतो. एका खेपेस नुकताच अनुसरलेला एक तरुण साधक कैलासाच्या दारात आल्याबरोबर उपरण्याच्या पदराने डोळे झाकून उभा राहिला. त्याची निष्ठा खोटी नव्हती. आम्ही त्याला काही बोललो नाही. आतून परत येताना मात्र तो एका भग्न मूर्तीकडे बोट करून हसला व म्हणाला, “बाबा, यांचे हे असेच व्हायला हवे होते.” तेव्हा बोलावे लागले. वेरूळच्या कित्येक मूर्तींची तोंडे, हात, नाके फुटलेली आहेत. देवता मोक्ष देऊ शकत नाही हा सिद्धांत आपण शब्दाने मांडतो, शब्दाने वादात रक्षितो. तो हातोड्याने सिद्ध होत नाही. हातोडा पडतो तो कोणातरी भजणाऱ्याच्या अंतःकरणावर, आणि परपीडा ही आपल्या मार्गात हिंसाच होय. देवतेला नित्यबद्ध म्हणणे आणि तिच्या मोडलेल्या नाकाला हसणे यांत ज्ञान आणि द्वेष एवढे अंतर आहे. शिवाय ज्या देवतांच्या देवळांत स्वामींनी वास केला त्या देवळांची त्यांनी नासधूस केल्याची एकही लीळा नाही. डोळे झाकणारा आणि हसणारा तो एकच मुलगा होता, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. जे समजून घ्यावयाचे नाही त्याचा तिरस्कार करणे सोपे जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला रामेश्वर लेण्यात नेले आणि गंगेच्या मूर्तीपासून शंकर-पार्वतीच्या लग्नापर्यंत एकेक कथा विचारीत गेलो. त्याला त्यांतील दोनच ठाऊक होत्या. ज्याचे खंडन करावयाचे ते पूर्वपक्ष म्हणून पूर्ण शिकावे लागते, हा नियम पोथीपुरता नाही.

शेवटी वासनिकांची एक व्यावहारिक शंका राहते. लेण्यांपासून अगदी जवळ घृष्णेश्वराचे देऊळ आहे. अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला ते. सहलीची मंडळी लेणी पाहून तेथे जातातच. तेथे परमार्गीयाने काय करावे? आमच्या मते येथे लेण्यांचा न्याय लागत नाही. लेण्यांत बहुतेक ठिकाणी पूजा-अर्चा बंद पडली आहे. पाहणारा पाहून निघाला तर कोणाचे काही जात नाही. घृष्णेश्वर हे नांदते देऊळ आहे. तेथे माणसे नवस घेऊन, दुःख घेऊन रांगेत उभी असतात. त्या रांगेत मौजेने पाहणारा म्हणून उभे राहणे हे त्यांच्याशीही बरे नाही आणि आपल्या अनन्यतेशीही नाही. सोयऱ्यांना आनंदाने जाऊ द्यावे, त्यांच्याशी वाद घालू नये. आपण बाहेर झाडाखाली बसावे, सर्वांच्या वहाणा व पिशव्या सांभाळाव्यात आणि ती मंडळी परत येईपर्यंत नाम घ्यावे. तास-दीड तास सहज जातो.